टॉलपडलचे चॅपेल

इंग्लंडच्या इतिहासावरील क्रमिक पुस्तकांत टॉलपडल या खेड्याचे नाव येते ते कामगार चळवळीच्या प्रकरणात, आणि तेही दोन-चार ओळींपुरते. १८३४ साली तेथील सहा शेतमजुरांना संघटना बांधल्याबद्दल सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, देशभर ओरड झाली, शिक्षा माफ झाली. एवढे सांगून पुस्तक पुढच्या प्रकरणाकडे वळते. आठवड्याला सात-आठ शिलिंगांवर संसार करणाऱ्या या माणसांना लेखी नियमांची, ठरीव वर्गणीची आणि पदाधिकाऱ्यांची संघटना उभारता आली ती कशी, हा प्रश्न वास्तविक विद्यार्थ्याच्या मनात यायला हवा. त्यांना शाळा जवळजवळ मिळालीच नव्हती. मतदानाचा हक्क नव्हता. गावच्या कारभारात त्यांना कोणी विचारत नव्हते. सभा कशी चालवावी, हिशेब कसा ठेवावा, दहा माणसांपुढे उभे राहून आपले म्हणणे कसे मांडावे, हे ते कोठे शिकले?

याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या खेड्यातील एका लहानशा मातीच्या इमारतीत सापडते. ती इमारत म्हणजे तेथील मेथडिस्ट मंडळींनी १८१८ साली बांधलेले चॅपेल, म्हणजे प्रार्थनामंदिर. प्रस्तुत लेखात त्या चॅपेलचा आणि त्याच्याभोवती घडलेल्या मंडळीचा इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे.

मेथडिस्ट हा शब्द आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. विल्यम टेलर या अमेरिकन उपदेशकाच्या कामातून १८७१-७२ च्या सुमारास मुंबईत मेथडिस्ट मंडळी स्थापन झाली. परंतु पंथाचे मूळ अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये आहे. जॉन वेस्ली (१७०३-१७९१) हा राजमान्य चर्चमधील एका धर्मगुरूचा मुलगा, आणि स्वतःही त्याच चर्चचा दीक्षित धर्मगुरू. ऑक्सफर्डला असताना तो व त्याचे सोबती प्रार्थना, उपवास, तुरुंगातील कैद्यांची भेट हे सर्व वेळापत्रक आखून, पद्धतशीरपणे करीत. म्हणून इतर विद्यार्थ्यांनी त्यांना 'मेथडिस्ट', म्हणजे पद्धतवाले, असे कुचेष्टेने म्हणावयास सुरुवात केली. थट्टेचे नावच पुढे पंथाचे नाव झाले. १७३९ साली ब्रिस्टलजवळ वेस्लीने उघड्या मैदानावर उपदेश सुरू केला. ऐकायला आले ते खाणीतले कोळसेवाले, विणकर, मोलकरणी. देवळाच्या बाहेर उभे राहून देवाचे बोलणे ही गोष्ट त्या काळच्या प्रतिष्ठित धर्मगुरूंना फारशी रुचली नाही. वेस्लीने स्वतः राजमान्य चर्च अखेरपर्यंत सोडले नाही. त्याच्या मृत्यूनंतर मात्र मेथडिस्ट मंडळी हळूहळू वेगळी झाली.

डॉर्सेट परगण्याशी या घराण्याचा संबंध जुनाच होता. वेस्लीचे आजोबा टॉलपडलपासून काही मैलांवर असलेल्या विंटरबोर्न व्हाइटचर्च या गावचे धर्मगुरू होते, आणि १६६२ साली सरकारने ठरवून दिलेली उपासनापद्धती न मानल्याबद्दल ज्या शेकडो धर्मगुरूंना आपली गावे सोडावी लागली त्यांत तेही होते.

वेस्लीच्या सर्व कामात आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'क्लास', अर्थात वर्ग. तिचा उगम मोठा मजेदार आहे. ब्रिस्टल येथील सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज कसे फेडावे याचा विचार १७४२ च्या फेब्रुवारीत चालला होता. एकाने सुचवले की, प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, पुष्कळजण इतके गरीब आहेत की त्यांना तेही जमणार नाही. तेव्हा पहिला म्हणाला, अकरा गरीब माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्याला देता येणार नाही त्याचा भरणा मी करीन. अशा रीतीने बारा-बारा जणांचे गट पडले. पैसे गोळा करायला घरोघर जाणाऱ्याच्या लक्षात येऊ लागले की अमक्याच्या घरी आजारपण आहे, तमका दारूच्या नादी लागला आहे, तिसऱ्याचे भावाशी भांडण आहे. वेस्लीने ही सोय ताबडतोब ओळखली आणि कर्जफेडीची योजना मंडळीची कायमची घडी बनली. वर्ग आठवड्यातून एकदा जमे. प्रत्येकाने आपल्या मनाची स्थिती चारचौघांत सांगावयाची. वर्गाचा एक नायक असे, आणि तो चांभार असू शके, मजूर असू शके, बाईही असू शके. वर्गणीची नोंद वहीत होई. दर तीन महिन्यांनी सभासदाला तिकीट मिळे, आणि वर्तन बिघडले तर ते मिळत नसे.

दुसरी गोष्ट स्थानिक उपदेशकांची. मेथडिस्टांचे पगारी धर्मोपदेशक थोडे आणि सतत फिरते असत. एका शहराभोवतीच्या वीस-पंचवीस गावांचे मिळून एक 'सर्किट' होई. एवढ्या गावांत दर रविवारी उपासना चालवणे पगारी माणसांना शक्य नव्हते. म्हणून शेतमजूर, लोहार, दुकानदार यांच्यातल्याच बोलक्या व वर्तनाने चांगल्या माणसांना उपदेशाची परवानगी दिली जाई. तीन-तीन महिन्यांचा एक तक्ता निघे: कोणत्या रविवारी कोणत्या गावी कोणी बोलायचे. सहा दिवस नांगर धरणारा माणूस सातव्या दिवशी पाच-सात मैल चालत जाऊन परक्या गावी तासभर बोले आणि चालतच परत येई. आपल्याकडील गावोगाव फिरणाऱ्या हौशी कीर्तनकाराची आठवण येथे होणे साहजिक आहे. पण फरक असा की, येथे या माणसाची नेमणूक, चौकशी आणि बडतर्फी ही सर्व लेखी नियमांनी चाले, आणि ते नियम त्याला स्वतःलाही वाचता यावे लागत.

आता टॉलपडलकडे वळू. डॉर्चेस्टर या परगण्याच्या मुख्य शहरापासून सात-आठ मैलांवर, पिडल नावाच्या लहान नदीच्या काठी हे खेडे आहे. गावात दगडी बांधणीचे, मध्ययुगापासूनचे सेंट जॉनचे चर्च. जमीन थोड्या मालकांची. ती खंडाने घेऊन कसणारे मोठे शेतकरी. आणि त्यांच्याकडे रोजाने राबणारे भूमिहीन मजूर. गावाची पूर्वीची सामाईक कुरणे बंदिस्त होत गेल्यामुळे मजुराजवळ पूर्वी जी एखादी गाय किंवा सरपणाची सोय असे तीही दक्षिण इंग्लंडात बहुतेक ठिकाणी संपली होती. मजुरी पुरली नाही तर गावच्या गरीब-निधीतून मदत मागायची. ती मदत देणारे कोण, तर तेच शेतकरी, तोच जमीनमालक, तोच धर्मगुरू. मजुराने रविवारी कोठे जाऊन बसावे ही बाब अशा गावात खाजगी राहूच शकत नव्हती. गावचे चर्च सोडून चॅपेलात जाणे म्हणजे सगळ्यांच्या देखत एका बाजूला जाऊन उभे राहणे होते.

कायद्याने मात्र त्याला मनाई नव्हती. १८११ साली लॉर्ड सिडमथ यांनी फिरत्या उपदेशकांवर निर्बंध घालणारे विधेयक आणले होते. परवान्यासाठी प्रतिष्ठित घरमालकांची शिफारस लागावी असा त्याचा रोख होता. देशभरातून अर्जांचा असा पाऊस पडला की विधेयक बारगळले, आणि उलट १८१२ च्या कायद्याने जुने जाचक निर्बंध रद्द होऊन उपासनेची जागा नोंदवली की पुरे अशी सोय झाली. त्यानंतर सहा वर्षांनी टॉलपडलच्या मेथडिस्टांनी आपले चॅपेल बांधले. माती व पेंढा कालवून थरावर थर रचलेल्या भिंती, जोडीला विटा, आत एकच खोली. डॉर्सेटातील मजुरांची घरे ज्या मालाने बांधली जात त्याच मालाचे हे देवघर. शिखर नाही, घंटा नाही. वाटेने जाणाऱ्याला धान्याचे कोठार वाटावे असे त्याचे रूप.

या खोलीत जॉर्ज लवलेस उपदेश करीत असे. त्याचा जन्म १७९७ चा, याच गावचा. नांगरट हा त्याचा धंदा. लिहायला-वाचायला तो बहुतांशी स्वतःच्या खटपटीने शिकला, आणि तुटपुंज्या मजुरीतून त्याने धर्मविषयक पुस्तकांचा लहानसा संग्रह केला होता. त्याचा धाकटा भाऊ जेम्स हाही उपदेशक. बहिणीचे यजमान टॉमस स्टँडफील्ड व त्यांचा मुलगा जॉन हेही त्याच मंडळीतले. पुढे शिक्षा झालेल्या सहांपैकी उरलेले दोघे जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राइन. सहांतले बहुतेक मेथडिस्ट होते आणि चार एकाच गोतावळ्यातले होते. जॉर्जने पुढे आपल्या पुस्तिकेत खोचकपणे लिहून ठेवले की, राजमान्य चर्चपासून वेगळे असणे हे टॉलपडलमधील काही लोकांच्या लेखी चेटूक करण्याइतके मोठे पाप होते.

१८३० च्या हिवाळ्यात दक्षिण इंग्लंडात शेतमजुरांचे दंगे झाले. मळणीयंत्रे फोडली गेली, गंजी पेटल्या. 'कॅप्टन स्विंग' या कल्पित पुढाऱ्याच्या नावाने शेतकऱ्यांना धमकीची पत्रे गेली. डॉर्सेटमध्येही हे लोण आले आणि मोर्टनचा जमीनदार व न्यायाधिकारी जेम्स फ्रॅम्प्टन याने स्वतः जमावापुढे जाऊन दंगाविरोधी कायदा वाचला. लवलेस या दंग्यांत नव्हता. दंग्यांनंतर मजुरी थोडी सुधारली, पण टॉलपडलमध्ये ती आठवड्याला नऊ शिलिंगांवर अडली, आणि शेजारच्या भागात दहा मिळत होते. मजुरांनी मालकांशी बोलणे केले. लवलेसच्या कथनाप्रमाणे गावचे धर्मगुरू डॉक्टर वॉरन यांच्या समक्ष असे ठरले की, मजुरांनी निमूट काम करावे, त्यांना भागातील इतरांइतकी मजुरी मिळेल. मजूर कामाला लागले. मजुरी वाढण्याऐवजी आठ शिलिंगांवर आली. न्यायाधिकाऱ्यांपुढे तक्रार नेली तेव्हा मालकाने देईल ते घ्यावे लागेल असे उत्तर मिळाले, आणि वचनाला साक्षी असलेल्या धर्मगुरूंनी आपण असे काही ऐकल्याचे नाकारले. पुढे सात शिलिंग झाले. सहा करण्याची भाषा सुरू झाली. एका शिलिंगाचे बारा पेन्स. सात शिलिंग म्हणजे चौऱ्याऐंशी पेन्स, आणि त्यात नवरा-बायको, चार-पाच मुले, भाडे, पाव, सरपण. लवलेसने लिहिले आहे की एवढ्यावर प्रामाणिकपणे जगणे अशक्य होते.

१८३३ च्या शरद ऋतूत बाहेरच्या संघटनेचे दोन प्रतिनिधी गावात आले, आणि त्यांच्या सल्ल्याने 'शेतमजुरांची मित्रसंस्था' स्थापन झाली. प्रवेश वर्गणी एक शिलिंग. पुढे आठवड्याला एक पेनी. येथे वाचकाला ब्रिस्टलची पेनी आठवली असेल. संस्थेच्या नियमांत हिंसेला स्पष्ट मनाई होती, आणि सभेत अश्लील किंवा धर्मनिंदक बोलण्यालाही. एका मजूर संघटनेच्या घटनेत हे दुसरे कलम कशाला, असे वाटेल. पण ते चॅपेलमधून सरळ उचलून आणलेले आहे. अध्यक्ष, चिटणीस, ठरलेल्या दिवशी सभा, वर्गणी थकली तर काय, याची कलमे करणे या माणसांना जड गेले नाही. पंधरा वर्षे ते हेच करीत आले होते.

एक गोष्ट मात्र त्यांनी चॅपेलबाहेरून घेतली. त्या काळच्या धंदेवाईक संघटनांत नव्या सभासदाला गुप्ततेची शपथ देण्याचा विधी असे. ९ डिसेंबर १८३३ च्या रात्री टॉमस स्टँडफील्डच्या झोपडीत एडवर्ड लेग व इतर काहींना डोळे बांधून आणले गेले, गुडघे टेकवून शपथ दिली गेली, मग पट्टी सोडून सांगाड्याचे चित्र दाखवले गेले: तुझा शेवट ध्यानात ठेव! लेगने पुढे कोर्टात सांगितले की, कोणी काहीतरी वाचून दाखवले ते बायबलमधले असावे, आणि जेम्स लवलेसच्या अंगावर धर्मगुरूच्या झग्यासारखे पांढरे वस्त्र होते. असे चित्र रंगवून मिळेल काय याची चौकशी जेम्सने डॉर्चेस्टरच्या एका रंगाऱ्याकडे केली होती हीही साक्ष झाली. साधेपणाचा अभिमान बाळगणाऱ्या मेथडिस्टांना हे नाटक कसे रुचले याचे नवल वाटते. पण अडचण अशी की एकाने फितूर होऊन मालकाला सांगितले तर सर्वांची चूल विझणार होती. आणि शपथ ही त्यांच्या लेखी खरोखरीच बांधून ठेवणारी गोष्ट होती.

नेमके याच ठिकाणी कायद्याने त्यांना धरले. संघटना करणे १८२४-२५ पासून गुन्हा राहिला नव्हता. तेव्हा फ्रॅम्प्टनने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि १७९७ चा, नाविकांच्या बंडाळीनंतर केलेला, बेकायदा शपथांविरुद्धचा कायदा बाहेर काढण्यात आला. चॅपेलकडून घेतलेली वही, पेनी, नियम यांत कायद्याला काही सापडले नाही. सापडली ती उसनी आणलेली शपथ आणि सांगाडा.

२२ फेब्रुवारी १८३४ रोजी गावात फलक लागले की, अशा संघटनेत सामील होणाऱ्यास सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा होईल. दोनच दिवसांनी, २४ तारखेच्या पहाटे, सहा जणांना पकडून डॉर्चेस्टरपर्यंत चालवत नेण्यात आले. मार्चमध्ये खटला झाला. न्यायाधीश बॅरन विल्यम्स. आरोप निश्चित करणाऱ्या ग्रँड ज्यूरीचा प्रमुख विल्यम पॉन्सन्बी, आणि तो लॉर्ड मेलबर्नचा मेहुणा! १९ मार्च रोजी सहाही जणांना सात वर्षांची शिक्षा सुनावली गेली. आपण कोणाच्या अब्रूला, जिवाला किंवा मालमत्तेला धक्का लावला नाही, आपण, आपल्या बायका आणि मुले यांना उपासमारीतून वाचवण्यासाठी एकत्र आलो, अशा आशयाचे निवेदन जॉर्ज लवलेसने न्यायाधीशांकडे लिहून दिले होते. बायकांनी गरीब-निधीतून मदत मागितली, तीही नाकारण्यात आली.

जॉर्ज आजारी पडल्यामुळे मागे राहिला व नंतर टास्मानियाकडे, तेव्हाच्या व्हॅन डीमेन्स लँडकडे, रवाना झाला. बाकीचे पाच 'सरी' या जहाजाने ऑगस्टमध्ये सिडनीला पोचले आणि निरनिराळ्या मालकांकडे वाटले गेले. तेथील हालअपेष्टांची हकीगत त्यांनी पुढे छापली. ती मिळवून वाचण्याजोगी आहे.

इंग्लंडात २१ एप्रिल १८३४ रोजी लंडनच्या कोपनहेगन फील्ड्सवर प्रचंड सभा भरली व मिरवणुकीने अर्ज नेण्यात आला. तो जमावाच्या हातून घेण्यास लॉर्ड मेलबर्न यांनी नकार दिला. या मिरवणुकीच्या अग्रभागी एक धर्मगुरू होता, डॉक्टर आर्थर वेड. पण तो मेथडिस्ट नव्हता. राजमान्य चर्चचा होता! वेस्लियन मेथडिस्टांच्या मध्यवर्ती नेतृत्वाने आपल्या या उपदेशकांची बाजू जाहीरपणे उचलून धरली नाही. जेबेझ बंटिंग हे त्या काळी या पंथाचे सर्वांत वजनदार पुढारी, आणि मेथडिझम जितका पापाच्या विरुद्ध तितकाच लोकशाहीच्या विरुद्ध आहे, अशा आशयाचे वाक्य त्यांच्या नावावर सांगितले जाते. पंथाला सरकारच्या संशयापासून दूर ठेवणे ही त्यांची काळजी समजण्यासारखी आहे; १८११ चे विधेयक त्यांच्या पिढीला विसरणे शक्य नव्हते. परंतु आपण ज्यांना बोलायला शिकवले ते बोलले म्हणून तुरुंगात गेल्यावर गप्प बसणे, हे प्रस्तुत लेखकाला पटत नाही.

इतिहासकारांत यावर जुना वाद आहे. फ्रेंच इतिहासकार एली हालेव्ही यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे प्रतिपादन केले की, फ्रान्ससारखी क्रांती इंग्लंडात झाली नाही याचे एक मोठे कारण मेथडिझम. असंतोषाला त्याने शिस्तीचे वळण दिले. ई. पी. टॉम्प्सन यांनी १९६३ साली इंग्लिश कामगारवर्गाच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात मेथडिझमवर कडक टीका केली. गिरणीमालकाला हवा तसा आज्ञाधारक मजूर घडवण्याचे काम त्याने केले, असा त्यांचा रोख आहे, जरी चॅपेलांतून संघटक निघाले हेही ते मान्य करतात. टॉलपडलचे उदाहरण या दोन्ही चौकटींत नीट बसत नाही. बंटिंग यांच्या पंथसभेतला मेथडिझम आणि मातीच्या खोलीतला मेथडिझम यांचे नाव एक होते, उपासनेची गीते एक होती, पण वरच्या सभेला जी शिस्त आज्ञापालनासाठी हवी होती तीच शिस्त खाली नांगर धरणाऱ्याला स्वतःचा कारभार स्वतः करण्यासाठी उपयोगी पडली. आपल्याकडे १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधणारे नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. धर्मसुधारणेच्या मंडळात तयार झालेला माणूस मजुरांच्या प्रश्नाकडे वळतो, हा क्रम दोन्हीकडे दिसतो. अर्थात टॉलपडल आणि परळ यांची परिस्थिती निराळी, आणि हे साम्य फार ताणू नये.

लोकमताच्या दडपणाने आणि संसदेतील थोड्या सभासदांच्या चिकाटीने १८३५ मध्ये सशर्त व मार्च १८३६ मध्ये संपूर्ण माफी मिळाली. परतायला मात्र वेळ लागला. जॉर्जने बायकोला तिकडे येण्याविषयी लिहिले होते. ती निघाली की काय हे कळेपर्यंत तो निघायला तयार नव्हता. १८३७ च्या जूनमध्ये तो इंग्लंडला पोचला, १८३८ मध्ये चौघे, आणि हॅमेट तर १८३९ मध्ये. देशभरातून जमलेल्या निधीतून त्यांना एसेक्समध्ये जमीन खंडाने घेऊन देण्यात आली. परंतु तेथील जमीनदार व धर्मगुरू यांनाही हे शेजारी नकोसे झाले, आणि १८४४ ते १८४६ च्या दरम्यान पाच कुटुंबे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, लंडन नावाच्या शहराच्या परिसरात, जाऊन स्थायिक झाली. आपल्या पूर्वायुष्याविषयी ते तेथे मौन बाळगून राहिले. जॉर्ज लवलेस १८७४ साली वारला व तेथेच, सायलोम येथील दफनभूमीत, त्याला पुरण्यात आले.

चॅपेलचे काय झाले? उपदेशक गेले, त्यांची कुटुंबे गेली. १८४३ च्या सुमारास त्या मातीच्या खोलीतील उपासना संपली आणि ती शेतीच्या कामाला, गोठा-कोठारासारखी, वापरली जाऊ लागली. पंचवीस वर्षे प्रार्थनामंदिर, आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे कोठार, असा तिचा हिशेब आहे. मंडळी मात्र संपली नाही. १८६२-६३ साली गावात मेथडिस्टांनी विटांचे नवे चॅपेल बांधले. कोणी बांधले, कशातून बांधले, हे त्या सहांच्या कथेइतके रंगतदार नसल्यामुळे पुस्तकांत त्याला जागा मिळत नाही. पण तीस वर्षांपूर्वी ज्या गावात चॅपेलात जाणाऱ्यांकडे संशयाने पाहिले जाई त्याच गावात दुसरी आणि अधिक पक्की इमारत उभी राहिली, ही गोष्ट लहान नाही.

सहांपैकी एकटा जेम्स हॅमेट टॉलपडलला परतून राहिला. तो पुढे बांधकामावर मजुरी करीत असे. १८७२ मध्ये जोसेफ आर्च यांनी शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभारली. आर्च हे प्रिमिटिव्ह मेथडिस्ट या अधिक लोकाभिमुख शाखेचे स्थानिक उपदेशक. तेव्हा ही परंपरा खंडित झाली नव्हती. १८७५ मध्ये या संघटनेने हॅमेटचा सत्कार करून त्याला घड्याळ दिले. १८९१ साली तो डॉर्चेस्टरच्या गरीबगृहात वारला. त्याला गावच्या जुन्या चर्चच्या आवारात पुरले आहे. १९३४ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा एरिक गिल या प्रसिद्ध शिल्पकाराने कोरलेला दगड त्याच्या थडग्यावर बसवण्यात आला, आणि कामगार संघटनांच्या मध्यवर्ती काँग्रेसने वृद्ध शेतमजुरांसाठी गावात सहा घरे बांधून प्रत्येकाला एकेकाचे नाव दिले. दर वर्षी जुलैमध्ये तेथे कामगार संघटनांची जत्राच भरते.

त्याआधी, १९१२ साली, नव्या चॅपेलसमोर सहा जणांच्या स्मरणार्थ दगडी कमान उभारण्यात आली. तिचे अनावरण आर्थर हेंडरसन यांनी केले. ते मजूर पक्षाचे पुढारी आणि वेस्लियन मेथडिस्टांचे स्थानिक उपदेशक. १८३४ साली ज्या पंथाने तोंड उघडले नाही त्याच्या दारात ही कमान आहे, आणि ती ज्या इमारतीपुढे आहे ती पाहायला सहांपैकी पाच जण गावात उरले नव्हते. १८१८ ची मातीची खोली गावातच जवळ, पडीक अवस्थेत उभी होती. तिच्यापुढे कमान बांधावी असे कोणास सुचले नाही. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांच्या एका विश्वस्त मंडळाने ती विकत घेऊन तिच्या भिंती सावरल्या आहेत, आणि मूळच्या पद्धतीप्रमाणेच, माती आणि पेंढा कालवून.